आंब्याची पेटी आणि एक खिडकी

मे महिन्यात दापोलीहून खेडकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलात, तर गाडीच्या टपापासून पायाखालपर्यंत आंब्याच्या पेट्या दिसतात. मुंबईला जाणारा पाहुणा पेटी घेतो, गाडीत चढवतो, दादरला उतरवतो आणि घरी नेऊन गवतात अढी लावतो. या प्रवासात त्याला कोणी कागद विचारत नाही. त्याच बागेतली, त्याच कलमावरची दुसरी पेटी लंडनला किंवा न्यूयॉर्कला जायची असेल, तर मात्र पेटीच्या आधी कागद निघतात. पेटीचे वजन तीन-चार किलो. तिच्यासाठी लागणारी माहिती मात्र सहा-सात कार्यालयांतून फिरते.

ही माहिती कोण विचारते, का विचारते आणि ती एकाच ठिकाणी, एकदाच देता आली तर काय होईल, हा या लेखाचा विषय आहे. 'एक खिडकी योजना' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. तहसील कचेरीतल्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रे निघाली तेव्हा ते आपण ऐकले. परदेशी व्यापारातही गेली तीन-साडेतीन दशके जगभर अशीच खिडकी बांधण्याचा प्रयत्न चालू आहे. ही खिडकी लाकडाची नसून संगणकाची आहे. तिच्यामागे थोडे गणित आहे, थोडे विज्ञान आहे आणि पुष्कळसा माणसांचा स्वभावही आहे. वर्गात शिकवण्यासारखे तिच्यात बरेच काही आम्हाला सापडले.

घाई कशाची?

आंबा झाडावरून काढला तरी तो जिवंतच असतो. तो श्वसन करतो, म्हणजे साखर आणि ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतो. हापूस तयार पण हिरवा असताना झेल्याने उतरवला जातो. त्यानंतर फळात इथिलीन नावाचा वायू तयार होऊ लागतो, श्वसनाचा वेग एकदम वाढतो आणि फळ पिकते. केळ्याचे आणि चिकूचेही असेच होते.

या क्रियांचा वेग तापमानावर अवलंबून असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. समजा, एखादे फळ २० अंशांना बारा दिवस टिकणार असेल, तर ३० अंशांना ते चार ते सहा दिवसच टिकेल. मग खूप थंड ठेवावे का? तेही चालत नाही. सुमारे १२-१३ अंशांच्या खाली आंब्याला थंडीची इजा होते. साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही.

याचा अर्थ असा की आंब्याच्या व्यापाऱ्याकडे दिवस मोजकेच असतात. लोखंडाचा माल गोदीत आठ दिवस अडकला तर भाडे वाढते. आंबा अडकला तर माल संपतो. म्हणून एका सहीसाठी गेलेला एक दिवस आंब्याच्या बाबतीत फार महाग पडतो.

कागद मागतातच कशाला?

'मग हे कागद रद्दच का करत नाहीत?' असा प्रश्न मुले विचारतील. प्रश्न बरोबर आहे. उत्तर फळमाशीत आहे.

फळमाशी पक्व होत आलेल्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गरात वाढतात. बाहेरून फळ चांगले दिसते, कापल्यावर कळते. आपल्या बागायतदारांना ही माशी चांगली ठाऊक आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा अनेक बागांत टांगलेला दिसतो. त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाने नर माश्या आत येतात आणि मरतात. पण जिथे ही माशी मुळात नाही अशा देशात ती एका पेटीतून पोचली, तर तिथल्या फळबागांचे काय होईल? या भीतीतूनच १९५१ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला. त्यानुसार निर्यात करणाऱ्या देशाने माल तपासून 'हा माल कीडमुक्त आहे' असे प्रमाणपत्र द्यायचे असते. याला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र म्हणतात.

ही भीती पोकळ नाही. भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या खेपांमध्ये किडी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला बंदी केली. वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांनाही ती लागू होती. ऐन हंगामात हा दरवाजा बंद झाला. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

आता प्रत्येक देशाची मागणी वेगळी आहे. युरोपसाठी आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात एक तास ठेवतात. जपानसाठी उष्ण बाष्पाची प्रक्रिया करतात. अमेरिकेसाठी गॅमा किरणांची मात्रा देतात; ती किमान ४०० ग्रे असावी लागते. एक ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला एक ज्यूल ऊर्जा. इथे एक सोपे गणित करून पाहा. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४१८० ज्यूल लागतात. आंब्यात बहुतांश पाणीच असते. मग ४०० ज्यूलनी तापमान किती वाढेल? सुमारे ०.१ अंश! म्हणजे हाताला काही कळणार नाही. पण या किरणांनी किडीच्या पेशींतील जनुकीय द्रव्याची मोडतोड होते आणि तिची पुढची पिढी तयार होत नाही.

इथे एक महत्त्वाचा मुद्दा येतो. प्रक्रिया झालेला आंबा आणि न झालेला आंबा शेजारी ठेवले, तर डोळ्यांनी, नाकाने किंवा जिभेने फरक सांगता येत नाही. एखादी अळी जिवंतही सापडू शकते, फक्त तिला वंश वाढवता येत नाही. मग न्यूयॉर्कच्या विमानतळावरचा अधिकारी कशावर विश्वास ठेवणार? फक्त कागदावर. म्हणूनच इथे कागदाला फळाइतकेच महत्त्व येते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

गोष्ट जुनीच आहे

व्यापाराबरोबर परवाना आणि जकात यांची साथ फार जुनी आहे. दापोली तालुक्यातच, वाशिष्ठीच्या मुखावर, दाभोळ आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडून घोडे येत, इथून कापड आणि इतर माल जाई. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात दंडेली सुरू केली. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना जवळ नसेल, तर ते गलबत धरत. या परवान्यावर जहाजाचे नाव, तांडेलाचे नाव, कुठून कुठे जाणार, माल कोणता, हत्यारे किती, असे सगळे लिहिलेले असे.

आजचे कागद काढून पाहिले तर प्रश्न फारसे बदललेले नाहीत. कोण, काय, किती, कुठून, कुठे? चारशे-पाचशे वर्षांत विचारणाऱ्यांची संख्या मात्र वाढली.

वर्गात खेळून पाहा

हा विषय मुलांना समजावा म्हणून आम्ही एक खेळ केला. तो तुमच्या वर्गातही सहज करता येईल.

एका मुलाला निर्यातदार करा. सहा मुलांना सहा कार्यालये करा : कृषी विभाग (बागेची नोंदणी), पॅकहाऊस (प्रतवारी आणि प्रक्रिया), वनस्पती संगरोध कार्यालय (कीडमुक्तीचे प्रमाणपत्र), सीमाशुल्क विभाग, बँक आणि विमान कंपनी. प्रत्येक कार्यालयाचा आठ प्रश्नांचा फॉर्म करा. त्यातले पाच प्रश्न सगळीकडे सारखे ठेवा : निर्यातदाराचे नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, मालाचे नाव, पेट्यांची संख्या आणि पोचण्याचा देश. उरलेले तीन प्रश्न त्या त्या कार्यालयाचे. कृषी विभाग सातबाराचा गट क्रमांक विचारेल, बँक रक्कम विचारेल, विमान कंपनी उड्डाणाची तारीख विचारेल.

आता निर्यातदाराला सगळे फॉर्म भरू द्या. त्याने किती उत्तरे लिहिली? ६ × ८ = ४८. पण वेगळी माहिती किती? सारखे प्रश्न ५ आणि खास प्रश्न ६ × ३ = १८, मिळून २३. म्हणजे ४८ पैकी २५ वेळा त्याने जुनेच पुन्हा लिहिले.

लिहिताना चूक होतेच. समजा, शंभरात एक चूक होते. मग एका उत्तरात चूक नसण्याची शक्यता ०.९९. सर्व ४८ उत्तरे बिनचूक असण्याची शक्यता ०.९९ चा ४८ वा घात, म्हणजे सुमारे ०.६२. याचा अर्थ शंभरातल्या ३८ खेपांच्या कागदांत कुठेतरी चूक असेल! फक्त २३ उत्तरे लिहायची असतील तर बिनचूक कागदांची शक्यता ०.७९ होते. चूक पूर्ण गेली नाही, पण अडकणाऱ्या खेपा ३८ वरून २१ वर आल्या. नववी-दहावीच्या मुलांना गणकयंत्रावर हे करून पाहता येईल. शंभरात एक ही चूक आम्ही उदाहरणासाठी धरली आहे; तुमच्या वर्गात ती प्रत्यक्ष मोजून बघा.

खेळाचा दुसरा भाग असा. मध्ये एका सातव्या मुलाला बसवा. निर्यातदाराने त्यालाच एकदा २३ उत्तरे सांगायची. तो ज्या कार्यालयाला जे हवे ते चिठ्ठीवर पोचवील आणि त्यांची उत्तरे परत आणील. निर्यातदार जागचा हलणार नाही. हा सातवा मुलगा म्हणजे 'एक खिडकी'.

खिडकीच्या मागे काय असते?

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक मंडळाने २००५ साली आपल्या ३३ व्या शिफारशीत एक खिडकीची व्याख्या केली. तिचा सारांश असा : आयात, निर्यात आणि मालाच्या वाहतुकीसाठी लागणारी सर्व माहिती आणि कागदपत्रे प्रमाणित रूपात, एकाच ठिकाणी देता यावीत, आणि माहिती संगणकावर असेल तर प्रत्येक बाब एकदाच द्यावी लागावी.

या व्याख्येतला 'एकदाच' हा शब्द सर्वात महत्त्वाचा आहे. सहा कार्यालये एका इमारतीत आणली आणि सहा फॉर्म तसेच ठेवले, तर ती एक खिडकी नव्हे. तो फक्त चालण्याचा त्रास वाचला.

या कामात सिंगापूर पुढे होते. तिथे १ जानेवारी १९८९ रोजी 'ट्रेडनेट' सुरू झाले आणि दिवसांचे काम मिनिटांवर आले. भारतात सीमाशुल्क विभागाचे संगणकीकरण १९९० च्या दशकात सुरू झाले. पुढे 'आइसगेट' नावाचे दार उघडले, ज्यातून निर्यातदार किंवा त्याचा एजंट घरबसल्या कागद दाखल करू शकतो. १ एप्रिल २०१६ पासून 'स्विफ्ट' नावाची एक खिडकी पद्धत आयातीसाठी लागू झाली. अन्नसुरक्षा, वनस्पती संगरोध, प्राणी संगरोध, औषध नियंत्रण, वन्यजीव गुन्हे नियंत्रण आणि वस्त्रोद्योग समिती अशा सहा यंत्रणांना आणि सीमाशुल्क विभागाला लागणारे नऊ वेगळे फॉर्म जाऊन एकच एकत्रित घोषणापत्र आले. नंतर 'ई-संचित' या सोयीने पुष्टीचे कागदही संगणकावरच जोडता येऊ लागले. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आला. त्यात सदस्य देशांनी एक खिडकी उभारण्याचा प्रयत्न करावा, असे कलम आहे. भारताने या कराराला २०१६ मध्ये मान्यता दिली होती.

निर्यातीच्या बाजूने शेतमालासाठी 'अपेडा' या संस्थेने बागेपासून पेटीपर्यंत माग काढण्याची पद्धत बसवली. आधी द्राक्षांसाठी 'ग्रेपनेट' आले, आंब्यासाठी 'मँगोनेट'. बागेची नोंदणी झाली की तिला क्रमांक मिळतो. परदेशात एखाद्या पेटीत दोष सापडला, तर ती कोणत्या बागेतली हे शोधता येते.

यातले गणितही बघण्यासारखे आहे. सहा कार्यालयांनी एकमेकांशी थेट बोलायचे ठरवले, तर किती तारा लागतील? प्रत्येकाची उरलेल्या पाचांशी एक; ६ × ५ ÷ २ = १५. मध्ये एक केंद्र ठेवले तर ६ पुरतात. सहाला हा फरक किरकोळ वाटेल. आता १८० देश घ्या. प्रत्येक देशाने दुसऱ्या प्रत्येकाशी कीडमुक्तीची प्रमाणपत्रे पाठवण्याची वेगळी व्यवस्था करायची, तर १८० × १७९ ÷ २ = १६,११० जोडण्या. मध्ये एक केंद्र असेल तर फक्त १८०. वनस्पती संरक्षण कराराच्या देशांनी 'ई-फायटो' नावाचे असेच मध्यवर्ती केंद्र उभारले आहे. हस्तांदोलनाचे गणित आपण मुलांना शिकवतोच. हे त्याचेच उपयोजन.

एकच भाषा हवी

तारा जोडल्या तरी बोलणे समजले पाहिजे. आपण 'आंबा' म्हणतो, गुजराती माणूस 'केरी' म्हणतो, तमिळ माणूस 'मांपळम'. आपल्याकडेच 'कैरी' म्हणजे कच्चा आंबा! यंत्राने काय समजायचे? म्हणून जागतिक सीमाशुल्क संघटनेने मालांना अंक दिले. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली आणि आज दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश ती वापरतात. प्रकरण ०८ म्हणजे खाण्याची फळे. ०८०४ मध्ये खजूर, अंजीर, अननस वगैरे. ०८०४५० म्हणजे पेरू, आंबा आणि मँगोस्टीन. पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने लावतो. प्राण्यांच्या वर्गीकरणात कुल, प्रजाती, जाती येतात, तसाच हा जिना आहे.

बंदरांनाही असेच संकेत आहेत. न्हावा-शेवा बंदराचा संकेत 'आय-एन-एन-एस-ए'. पहिली दोन अक्षरे इंडियाची, पुढची तीन बंदराची.

अंक लिहितानाही चूक होते. ती पकडण्याची एक छान युक्ती आहे. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या क्रमांकात शेवटचा अंक 'तपासनीस' असतो. त्याची सोपी आवृत्ती वर्गात करता येईल. समजा, पेटीचा क्रमांक २७१५ आहे. अंकांना डावीकडून क्रमाने १, २, ४, ८ ने गुणा आणि बेरीज करा :

२×१ + ७×२ + १×४ + ५×८ = २ + १४ + ४ + ४० = ६०

६० ला ११ ने भागा. बाकी ५. हा तपासनीस अंक शेवटी जोडा : २७१५-५.

आता कोणी घाईत ७ आणि १ ची अदलाबदल करून २१७५-५ लिहिले, तर बेरीज २ + २ + २८ + ४० = ७२ येईल आणि बाकी ६. तपासनीस म्हणतो ५. चूक पकडली! एकच अंक चुकला तरी ही युक्ती नेहमी यशस्वी होते. का? अंकातला फरक १ ते ९ मधला असतो आणि गुणक १, २, ४ किंवा ८ असतो. यांच्या गुणाकाराला ११ ने नि:शेष भाग जाणे शक्यच नाही, कारण ११ ही मूळ संख्या आहे. बाकी १० आली तर काय करायचे? वर्गातल्या खेळात तो क्रमांक वापरायचाच नाही, असे ठरवा. ११ ऐवजी १० ने भागले तर कोणत्या चुका निसटतील, हे मुलांना शोधायला सांगा.

खिडकीला न दिसणारे

इथपर्यंत वाचून वाटेल की आता सगळे सोपे झाले. तसे नाही.

आमच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. चाळीस-पन्नास कलमे, वडिलोपार्जित. बागेची नोंदणी करायची म्हणून सातबारा काढला. त्यावर आजोबांचे नाव, मग तीन चुलत्यांची, आणि त्यांच्या मुलांची मिळून अकरा नावे. निम्मे खातेदार मुंबईत, एक वारलेले. आधार कार्डावर बागायतदाराचे नाव इंग्रजीत एका तऱ्हेने, बँकेच्या पुस्तकात दुसऱ्या तऱ्हेने. संगणकाने 'जुळत नाही' एवढेच सांगितले. समोर माणूस असता तर त्याला सामाईक जमिनीची गोष्ट सांगता आली असती. कोकणात ती सांगावीही लागत नाही. यंत्राला ती कशी सांगणार? शेवटी संमतिपत्रे गोळा होईपर्यंत हंगाम उलटला आणि आंबा नेहमीसारखा वाशीच्या दलालाकडे गेला. खिडकी एकच होती, पण तिथवर जाणारी पायवाट आधी साफ करायला हवी होती. हे काम तलाठी कार्यालयापासून घरातल्या वाटण्यांपर्यंत पसरलेले आहे आणि ते कोणत्याही संगणकाने होणारे नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया होऊन अमेरिकेला विमानाने गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवण्यात आल्या. आंब्यात कीड सापडली नव्हती. अडचण होती 'पीपीक्यू २०३' या प्रमाणपत्राची. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या देखरेखीखाली प्रक्रिया झाली, याचा तो दाखला. तो चुकीच्या रीतीने दिला गेला, असे अमेरिकी यंत्रणेचे म्हणणे. प्रक्रिया रीतसर झाली होती, असे निर्यातदारांचे म्हणणे. माल परत न्या किंवा नष्ट करा, असे दोन पर्याय दिले गेले. पिकत आलेला आंबा पुन्हा विमानाने आणणे परवडण्यासारखे नव्हते. आंबे नष्ट करावे लागले. निर्यातदारांनी नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलर सांगितला.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आता आठवा. प्रक्रिया झाली की नाही, हे फळाकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून दाखल्यावर शंका आली की फळाच्या बाजूने साक्ष द्यायला कोणीच उरत नाही.

एक खिडकी असती तर हे टळले असते का? अंशतः. दाखला रिकामा आहे, तारीख जुळत नाही, मात्रेचा आकडा नोंदलेला नाही, अशा गोष्टी यंत्र तत्काळ पकडते. आणि माल विमानात चढण्यापूर्वी पकडते. चूक कळण्याची वेळ बदलते आणि आंब्याच्या बाबतीत वेळ हेच सर्वस्व आहे. पण मोजमापच झाले नसेल किंवा चुकीचे नोंदले असेल, तर खिडकी तेच चुकीचे सगळीकडे पोचवील.

इथे आमच्या खेळातली एक गंमत सांगितली पाहिजे. पहिल्या पद्धतीत निर्यातदाराने एका फॉर्मवर चुकून '२१० पेट्या' लिहिले होते, बाकी पाचांवर '१२०'. कार्यालयांनी कागद शेजारी ठेवले तेव्हा चूक सापडली. दुसऱ्या खेळात सातव्या मुलाने सुरुवातीलाच '२१०' ऐकले. मग सहाही कार्यालयांत २१० गेले, सगळे कागद छान जुळले आणि चूक कोणालाच दिसली नाही! पुन्हा पुन्हा लिहिण्यात कष्ट होते, पण नकळत एक तपासणीही होती. एकदाच लिहायचे ठरवले, तर ते एकदा लिहिणे फार जपून केले पाहिजे. शिवाय प्रत्यक्ष पेट्या मोजणारा कोणीतरी हवाच. कागद जुळणे आणि कागद खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक एका कागदाची दुसऱ्या कागदाशी तुलना आहे, दुसरी कागदाची वस्तूशी.

विज्ञान शिकवताना आपण हेच सांगत असतो. प्रयोगवहीतले आकडे एकमेकांशी जुळले म्हणजे प्रयोग बरोबर झाला असे नाही. शेजारच्याच्या वहीतून उतरवलेले आकडेही छान जुळतात.

शेवटी

पुढच्या वेळी वर्गात श्वसन, किरणोत्सार, मूळ संख्या किंवा संभाव्यता यांपैकी काहीही शिकवताना आंब्याची पेटी टेबलावर ठेवून बघा. कोकणातल्या मुलांना फळमाशी सांगावी लागत नाही, सातबाराही सांगावा लागत नाही. आपल्या घरच्या बागेतले फळ परदेशी जायचे तर काय काय लागेल, याची यादी त्यांना घरी विचारून आणायला सांगा. सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत, तीही. यादी लांब निघेल. मग विचारा : यातले खरोखर वेगळे प्रश्न किती? यातला कोणता प्रश्न आंब्याचे रक्षण करतो आणि कोणता केवळ सवयीने विचारला जातो?

चांगली खिडकी बांधायची तर आधी हा प्रश्न सोडवावा लागतो. ज्या देशांनी तो टाळून नुसते संगणक आणले, त्यांच्याकडे जुनेच फॉर्म पडद्यावर आले. आणि जो बागायतदार हंगाम हुकल्यामुळे पेटी वाशीला पाठवून गप्प बसला, त्याच्या दृष्टीने खिडकी उघडली की नाही, याचे उत्तर पुढच्या मोहोराच्या आधी मिळायला हवे. कलमाला पालवी फुटते तेव्हाच ही कामे हाती घेतली, तर एप्रिलमध्ये धावपळ होत नाही. संमतिपत्रे कशी असतात, ऑनलाइन अर्ज कसा भरतात, हे गावात कोणाला विचारायचे? पुष्कळदा शाळेतल्या मास्तरांना आणि बाईंना. तेव्हा ही माहिती आपल्याजवळ असलेली बरी.